थुंकी नेणारा निळा डबा

मित्रांनो, तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगून टाकतो. माझ्या पोटात बरीच वर्षं लोकांच्या पोरांची थुंकी होती. मी एक जुना निळा बर्फाचा डबा आहे. माझे भाऊबंद कुठे आइस्क्रीम नेतात, कुठे मासे नेतात. माझ्या नशिबी थुंकी आली. प्रयोगशाळेत तिला 'लाळ' म्हणायचे, म्हणजे ऐकायला जरा बरं वाटतं.

कारखान्यात मला साच्यात घातलं, भिंतींच्या आत फेस भरला आणि पुढे एक स्टीलचा खटका बसवला. तपासणीच्या माणसाने तो खट्ट करून वाजवला आणि म्हणाला, "हा आयुष्यभर टिकेल." कुणाच्या आयुष्यभर, ते काही बोलला नाही.

प्रयोगशाळेत मोठे सर होते. स्वमग्न मुलांच्या लाळेत जस्त, तांबं, लोह असली खनिजं किती असतात, ते शोधत होते. ही खनिजं इतकी किंचित की यंत्राशिवाय दिसायचीसुद्धा नाहीत. सरांच्या हाताखाली संशोधन करणारी एक ताई होती. ती मला खांद्याला अडकवून घरोघर न्यायची. माझ्यात बर्फ आणि झाकणाच्या नळ्या. मुलाने तासभर आधी काही खायचं नाही, पाण्याने चूळ भरायची, मग नळीत थुंकायचं. एवढंच काम. पण एरवी भिंतीवर, भावावर, कुठेही थुंकणारी पोरं नळी दिसली की तोंडाला कुलूप लावतात!

एका घरी छकुली होती. सात वर्षांची. ती बोलत नसे, पण मला बघताच माझ्यापुढे बसली आणि खटका वाजवू लागली. खट्ट. खट्ट. खट्ट. खरं सांगू, तोवर माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. रंगून गेल्यामुळे तिचं तोंड उघडंच राहिलं आणि लाळेचा एक थेंब माझ्या झाकणावर पडला. ताईने तो लगेच फडक्याने पुसला आणि नळी पुढे केली. छकुलीने तोंड मिटलं.

"हे बघ राणी, असं," म्हणत आईने एका नळीत थुंकून दाखवलं.

"छे, तसं नव्हे," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या नळीत थुंकल्या.

छकुली माझा खटका वाजवत राहिली. शेवटी ताई हात धुवायला गेली, आई काकूंना दारापर्यंत सोडायला गेली. मग खुर्चीतले आजोबा उठले.

"यांना साधं थुंकताही येत नाही. बघ गं छकुले, आजोबा कसा थुंकतो!"

त्यांनी हाताला आली ती नळी उचलली. तिच्यावर छकुलीच्या नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती. आजोबांनी अर्धी नळी भरली, तेवढ्यात त्यांची कवळी सुटली आणि ते तोंड धरून मोरीकडे पळाले. ताई परत आली, तर भरलेली नळी तयार!

"शाब्बास छकुली!" ताई ओरडली. आईने लेकीचे मुके घेतले. मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण त्यात जीभ नाही.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत एकच धांदल उडाली. "जस्त! अरे बापरे, एवढं जस्त!" सर यंत्रापुढे नाचायचेच बाकी होते. जो माणूस कुणाला आपल्या पेनला हात लावू देत नाही, त्याने सगळ्यांना चहा पाजला. ताई म्हणाली, "सर, एकदा परत नमुना घेऊया का?"

"आकडा खोटं बोलत नाही," सर म्हणाले आणि छकुलीच्या घरच्यांना बोलावून घेतलं.

आई, आजोबा आणि छकुली आले. मी टेबलावरच होतो. खट्ट. खट्ट.

"काय खाते ही?" सरांनी विचारलं.

"दूध, मऊ भात आणि केळं. बाकी काही नाही."

"मग त्यातूनच येत असणार. कारण सापडेपर्यंत तिन्ही बंद."

आईचा चेहरा उतरला. "मग ती खाणार काय, सर? चौथं काही पुढे केलं तर ताट ढकलते. मागे दूध बदललं, तर दोन दिवस उपाशी राहिली होती."

"आकडा बघा ना बाई!"

"चुलीत घाला तुमचा आकडा!" आजोबा एवढ्या जोरात ओरडले की कवळी तोंडातून उडाली आणि थेट सरांच्या चहात पडली. आजोबांनी ती दोन बोटांनी काढली, रुमालाने पुसली, खिशातून कवळी चिकटवायचं मलम काढलं आणि ते फासू लागले.

ताईने मलमाची ट्यूब हातात घेतली, वाचली, परत वाचली. "आजोबा, यात जस्त आहे."

"असू दे की. चिकटतं मस्त."

"आजोबा, त्या दिवशी... तुम्ही पण थुंकून दाखवलंत?"

"दाखवलं म्हणजे काय! अर्धी नळी भरली. आणि तुम्ही सगळं कौतुक हिचंच केलंत!"

आई आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. "मग दूध देऊ ना हिला?" तिने विचारलं.

"द्या," सर म्हणाले. "भातही द्या. केळंही."

इकडे छकुली खटक्यात रंगली होती, तोंड उघडं होतं. या वेळी ताईने काही सांगितलं नाही, दाखवलं नाही. गुपचूप खाली नळी धरली. थेंब थेंब करत नमुना मिळाला. आकडा निघाला अगदी चारचौघांसारखा. "एका पोरीवरून काही ठरत नसतं," ताई सरांना म्हणाली, "अजून पुष्कळ मुलं बघायची आहेत." या वेळी सरांनी कुणाला चहा पाजला नाही.

आता माझा खटका सैल झालाय. प्रयोगशाळेने मला भंगारात काढलं, तेव्हा ताईने मला छकुलीकडे पोचवलं. माझ्यात आता केळी असतात. रोज सकाळी खट्ट होतं, एक केळं जातं.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा घरात असेल तर पुसून झाकण उघडं ठेवा, नाहीतर वास येतो. आणि मोठे होऊन सर झालात, तर कुणाच्या तोंडचा घास काढून घेण्याआधी एकदा विचारा, नळीतली थुंकी कुणाच्या तोंडची आहे.