वलांडीवरच्या आठ चादरी

“तुम्ही पळून जाऊन लग्न केलंय ना?”

सुटला एकदाचा प्रश्न! दक्षाने चकल्यांची ताटली अशी पुढे धरली होती, जणू उत्तर त्या ताटलीतच येऊन पडणार होतं. मागे चिकूच्या झाडाआड चिमी आणि हिरू एकमेकींची तोंडं दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. ‘विचारलं नाहीस तर तू शेळपट,’ असं बजावूनच त्यांनी तिला पुढे ढकललं होतं.

संशय मात्र अगदीच हवेतला नव्हता. नूतनताई आणि तुषारदादा दोन वर्षांपासून समुद्रकाठच्या झाई गावात, दक्षाच्या पप्पांच्या चिकूवाडीत मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. दोघंही तलासरीकडच्या डोंगरातल्या शाळांवर शिक्षक, मूळचे थेट धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचे. एरवी दिवाळीची सुट्टी लागली की त्याच संध्याकाळी खोलीला कुलूप. यंदा वसुबारस आली तरी बॅग माळ्यावरच, आणि दोघं ओटीवर बसून पत्ते कुटतायत, खिदळतायत. चिमीने निकाल देऊन टाकला होता: घरच्यांशी वाजलंय, नक्की पळून लग्न केलंय.

नूतनताईने चकली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “पळून आलाव हे खरंय. पण दिवाळीतून पळालाव.”

“म्हणजे?”

“अगं, दरवेळी तीन दिवस ह्यांच्या घरी, तीन दिवस माझ्या घरी, उरलेला दिवस एसटीत. कुणाकडं अर्धा दिवस जास्त झाला की दुसरीकडं तोंडं फुगतात. इथं समुद्र दोनशे पावलांवर हाय, आन् दोन वर्षांत मी पाय बी भिजवला नाही. म्हणून दोन्ही घरी सांगितलंय, मतदार यादीची ड्यूटी लागलीय म्हणून.”

“खोटं?”

“एकच आठवडा गं,” तुषारदादा पत्त्यांमागून म्हणाला. “कुणाला बोलू नको.”

दक्षाला हे सांगायची गरजच नव्हती. गुपित लपवण्यात ती आता पटाईत झाली होती. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात आठ दिवसांपासून एक पत्र घडी घालून पडलं होतं. धाराशिवच्या खो-खोच्या वसतिगृहात तिची निवड झाली होती. जूनपासून अकरावी-बारावी तिथेच, राहणं तिथेच, सकाळ-संध्याकाळ मैदान. खो-खोच्या सरांना उत्तर हवं होतं भाऊबीजेपर्यंत. त्यांना तिने सांगितलं होतं, “घरी विचार चाललाय सर.” आणि घरी पत्राचा पत्ताच नव्हता!

पप्पा-मम्मी नाही म्हणतील ही भीती नव्हती. हो म्हणाले तर? मैदानात नऊ-नऊ मिनिटं कुणाच्या हाताला न लागणारी ही पोरगी आजवर एकदाही घराबाहेर झोपली नव्हती. सरावलीला मावशीकडे राहायला गेली होती, तेव्हा जेवण होईस्तोवर टिकली आणि मग पप्पांना स्कूटर घेऊन न्यायला यावं लागलं. म्हणून पत्र भूगोलात. बोललंच नाही तर जावंही लागणार नाही.

“काय म्हणाली?” झाडाआडून दोघी झेपावल्या.

“नाही पळालेत.”

“मग एवढा वेळ काय बोलत होतीस?”

“चकलीची रेसिपी,” दक्षा म्हणाली. सरांनंतर हे दुसरं खोटं!

दुसऱ्या दिवशी नूतनताईने सुट्टी साजरी करायची म्हणून घरात होतं नव्हतं ते सगळं धुवायला काढलं. आठ चादरी, पडदे, तुषारदादाचे लेंगे. पण चिकूच्या वाडीत ऊन कुठलं? दोघं बादल्या घेऊन किनाऱ्यावर गेले, आणि पाहतात तो काय, वाळूत बांबू रोवलेले, त्यांना ओळीने दोऱ्या ताणलेल्या. वर लख्ख ऊन, खाली वारा.

“बघ, लोकांची किती छान सोय केलीय!” तुषारदादा गहिवरला. दोघांनी मन लावून सगळं वाळत घातलं आणि घरी येऊन ताणून दिली.

झाईतलं शेंबडं पोरही सांगेल, ती वलांडी होती. बोंबील सुकवायची. वर्षानुवर्षं बोंबील पचवलेली दोरी ती!

दुपारी वलांडीची मालकीण हिरकणीमावशी ताज्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन आली आणि तिच्या हाका वाडीपर्यंत पोचल्या. “कोणाचा गो हा संसार? मी बोंबील कुठं लावू, तुझ्या नवऱ्याच्या लेंग्याला?”

दक्षा, चिमी, हिरू वाळूत लोळून हसल्या. तुषारदादा कान धरून उभा. शिक्षा म्हणून मावशीने त्याला टोपलीसमोर बसवलं. “दोन घे. ह्याच्या जबड्यात त्याचा जबडा अडकव आणि टाक दोरीवर. जोडीनंच लटकतात. लग्न झालंय ना तुझं? मग जमेल.”

त्याला काही ते जमेना. बोंबलाचे बारीक दात बोटाला लागले की तो ‘आई गं’ म्हणून उडायचा आणि नूतनताई पोट धरून हसायची. पण रोज सकाळी दोघं स्वतःहून मावशीकडे जाऊ लागले. चादरी तीनदा धुतल्या, वास काही जाईना, आणि त्यांच्या ओटीवर झाईतली झाडून सगळी मांजरं बसायला येऊ लागली.

अशाच एका सकाळी बोंबील लावता लावता दक्षाने स्वतःचा प्रश्न काढला. चिमी-हिरू लांब होत्या.

“ताई, इथे पहिल्यांदा आलात तेव्हा रडलात?”

“लई! शाळेत पोरं वारली भाषेत बोलायची, मला एक शब्द कळंना. घरी येऊन भाकरी थापता थापता रडायचे. पंधरा दिवस.”

“मग?”

“मग पोरांनी मला त्यांचे शब्द शिकवले. मी चुकले की सगळा वर्ग हसायचा. एक दिवस घरी आले आन् रडायच्या आधी भूकच लागली.” नूतनताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. “का गं, का विचारलीस?”

“असंच,” दक्षा म्हणाली आणि टोपलीत डोकं घातलं.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर नूतनताई अखेर समुद्रात उतरली, गुडघ्यापर्यंत, किंचाळत. दक्षा काठावर चिमी-हिरूबरोबर बोंबील लावत होती. तेवढ्यात तुषारदादाच्या हातातला फोन वाजला. कळंबहून नूतनताईच्या सासूबाई! व्हिडिओ कॉल!

“उचलू नका!”

“नाही उचलला तर आई वीसदा करेल!”

नूतनताई धावत येऊन एका होडीआड बसली, कपड्यांतून पाणी गळतंय, तिने फोन उचलला आणि काय सुचलं कोण जाणे, दक्षालाच फोनसमोर ओढलं. “आई, ह्या आमच्या मॅडम. मतदार यादीच्या.”

“नमस्कार,” दक्षा घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काम जोरात चालू आहे.”

पलीकडे आईंनी डोळे बारीक केले. “मॅडम, हातात काय हाय तुमच्या?”

दक्षाने खाली पाहिलं. दोन्ही हातांत बोंबील.

“यादी,” ती बोलून गेली.

तुषारदादा वाळूतच बसला. आई मात्र हसल्या नाहीत. “पाडव्याला कसली ड्यूटी, हे मला तवाच वाटलं होतं. तरी बी लेकरू सणाचं कामाला जुंपलंय म्हणून मी चार दिवस लाडू तोंडात घातला नाही. ‘आई, औंदा आम्ही दोघंच राहताव’ म्हणली असतीस, तर मी काय खाल्लं असतं का तुला?”

नूतनताईचा चेहरा एवढासा झाला. “चुकलं आई.”

“बरं, आता दाखव तरी समुद्र.”

फोन फिरला. लाटा पाहून आईंनी गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या, आणि तिकडे कळंबमध्ये एकच गलका उडाला. मग त्यांनी विचारलं, “आन् ही मॅडम कुणाची पोर हाय?”

“मी दक्षा. मी जूनपासून धाराशिवला येणारे. खो-खो खेळायला.”

हे कोण बोललं? दक्षाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तीच बोलली होती! शेजारी चिमी आणि हिरूची तोंडं उघडीच.

“मग महिन्याच्या एका रविवारी जेवायला माझ्याकडं,” आईंनी फर्मान सोडलं. “पण ती यादी घेऊन येऊ नकोस. आमच्या घरात चालत नाही.”

भाऊबीजेच्या सकाळी पप्पा आणि मम्मी ओटीवर चिकूची प्रतवारी करत बसले होते, मोठे एका पेटीत, बारके दुसरीत. दक्षा भूगोलाचं पुस्तक घेऊन आली, पत्र काढलं आणि चिकूंच्या ढिगावर ठेवलं. छाती नऊ मिनिटं पळाल्यासारखी उडत होती. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

“पप्पा, मम्मी, हे पत्र मी दोन आठवडे लपवलं, ते चुकलं. आता सरळ सांगते. जूनपासून मी धाराशिवच्या होस्टेलवर राहणार. मला भीती वाटते. मी रडणार, फोनवर पण रडणार. पण पप्पा, सरावलीसारखं स्कूटर घेऊन न्यायला यायचं नाही. पंधरा दिवस तरी नाहीच!”