अंधेरी ओढ, बोरिवली ढील

नववी ‘ब’ची अपूर्वा गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा चाचरायची. यंदा मात्र तिला वाचा फुटली, आणि ती अशी फुटली की आरे कॉलनीतल्या शिबिरात जयवंत सरांनी “गटप्रमुख कोण?” असं विचारायच्या आत बाईसाहेबांचा हात वर!

खेळ दिसायला सोपा. एका गोल फळीला चार बाजूंनी चार दोऱ्या, फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या. तेजल, विकी, चैतन्य आणि शेवंती या चौघांनी डोळ्यांवर पट्टी बांधून, दोऱ्या ताणून फळी उचलायची आणि आंब्याखालून थेट चुन्याने आखलेल्या गोलात न्यायची. पाचव्याने, म्हणजे अपूर्वाने, नुसतं बोलायचं. हात लावायचा नाही. प्रयत्न तीनच.

“उजवीकडे!” अपूर्वा ओरडली.

चौघे समोरासमोर उभे, प्रत्येकाची उजवी वेगळी. चौघांनी चार दिशांना ओढलं आणि तांब्या तेजलच्या पायावर रिकामा झाला. दुसऱ्यांदा अपूर्वाने तेच आणखी जोरात ओरडून पाहिलं. या वेळी विकी भिजला.

“वाट लागली यार!” पट्टी कपाळावर सरकवत तो म्हणाला. “हिला बदला. चैतन्य, तू हो प्रमुख.”

एवढ्या वर्षांनी अपूर्वाला बोलायला मिळालं होतं, आणि आता तेच काढून घेणार?

“मला काय वाटतं...” चौथ्या दोरीवरची शेवंती पुटपुटली.

“तू गप गं, मी विचार करतेय ना!”

अपूर्वा म्हणाली खरी, पण स्वतःचाच आवाज तिला ओळखीचा वाटला. गेल्या वर्षी सगळे तिला असंच गप करायचे.

“सॉरी. बोल तू.”

“माझे बाबा रिक्षा चालवतात ना, साकीनाक्याला,” शेवंती म्हणाली. “ते म्हणतात, पॅसेंजर डावी-उजवी करायला लागला की घोटाळाच. जागेचं नाव सांगा, गाडी बरोब्बर जाते.”

अपूर्वाने टाळीच वाजवली. “ए, भारी! चैतन्यच्या पाठीमागे गोरेगाव, तेजलच्या पाठीमागे पवई. शेवंती, तू बोरिवली. विकी, तू अंधेरी.”

“मला अंधेरी का? डोळ्यांवर पट्टी आहे म्हणून?”

“गप रे अंधेरी, पट्टी खाली कर!”

मग मैदानात एकच पुकारा सुरू झाला. “अंधेरी ओढ, बोरिवली ढील! गोरेगाव, जरासं. अगं पवई, तू ढील दे ना! थांबा, सगळे थांबा... आता हळूच खाली.” फळी गोलात टेकली. चार थेंब सांडले असतील, तेवढंच.

नंतर सगळे आंब्याखाली गोल करून बसले. सर म्हणाले, “जिंकलात, छान. आता सांगा, काय कळलं?”

“सर, अपूर्वा झकास आहे!” विकी म्हणाला. “काय आयडिया काढली!”

अपूर्वाला गुदगुल्या झाल्या. गप्प बसली असती तरी चाललं असतं. शेवंती तर मान खाली घालून गवत उपटत होती, ती थोडीच काही बोलणार होती!

“आयडिया शेवंतीची, सर,” अपूर्वा म्हणाली. “आणि मी आधी तिला गप म्हटलं होतं.”

सरांनी शेवंतीकडे पाहिलं. “मग आणखी एक फेरी करू. प्रमुख शेवंती.”

“नको सर, माझा आवाज नाही पोचत.”

“पोचवायचं आमच्यावर सोड गं,” म्हणत अपूर्वाने पट्टी बांधली आणि शेवंतीची दोरी हातात घेतली. शेवंती खरंच इतक्या हळू बोलत होती, की विकीसुद्धा श्वास रोखून उभा राहिला. अपूर्वाने कान टवकारले. आपण गप्प असताना एवढं ऐकू येतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.