मौनरथ का थांबला

पनवेलच्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या गाडीवर खिळलेले. परदेशी बनावटीची, टेम्पोशेजारी उभी केली तर टेम्पोच बिचारा दिसावा अशी अवाढव्य एसयूव्ही. बॉनेट उघडं होतं. एका म्हाताऱ्याला पुढे बोलावून त्याचा तळहात इंजिनावर ठेवायला लावला होता.

"बाबा, धडधड लागते का हाताला?" माइकवरून प्रश्न आला.

"नाय लागत. गार हाय."

"काही आवाज? काही हादरा?"

"काय बी नाय."

"ऐकलंत? इंजिन मेलेलं आहे. आता आई रथ ओढेल."

शंख वाजला आणि ती गाडी समोरच्या मातीच्या भरावावर आवाज न करता चढू लागली. दगड आले, खड्डा आला, एक चाक क्षणभर हवेत लटकलं, तरी ती चढतच राहिली. बायकांनी पदर पसरले. माझ्या शेजारच्या माणसाने तर चपला काढून हातात घेतल्या.

माइकवरचे गृहस्थ म्हणजे मौनीनाथ महाराज. नाव मौनी, पण तोंडाला उसंत नाही. पूर्वाश्रमीचा हा शैलेश. जमिनींचे भाव चढले तेव्हा प्लॉट विकायचा, प्लॉट संपल्यावर मोक्ष विकायला लागला. गाडीचं नाव त्याने मौनरथ ठेवलं होतं.

"तुमच्या गाड्या पेट्रोलवर चालतात, आपला रथ फेथवर चालतो," तो सांगायचा. "मायलेज अनलिमिटेड. सर्व्हिसिंग नाही. जिची सर्व्हिस साक्षात आई करते तिला मेकॅनिकने हात लावायचा? झाडायचंसुद्धा नाही. रथात पडलेली हळद हे आईचं लेणं आहे."

हाच मौनरथ हायवेच्या पंपावर टाकी फुल करताना मी डोळ्यांनी पाहिला होता. तिथे बहुधा फेथ लिटरवर मिळत असावा.

मी पनवेलजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या मैदानातच मी दोघा-तिघांना सांगितलं की ही हायब्रिड गाडी आहे, हिच्यात इंजिनाबरोबर विजेची मोटरही असते, थोडं अंतर ती नुसत्या बॅटरीवर जाते. त्यावर एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "असेल मॅडम. पण आईची कृपा असल्याशिवाय एवढी महाग गाडी मिळते का कुणाला?" या तर्कापुढे मी हात टेकले.

मग दर्शनाची रांग लागली. गाडीच्या मागच्या सीटवर देवीची मूर्ती बसवलेली. भक्तांनी उघड्या दारातून मूठभर हळद उधळायची, तीही मूर्तीवर नव्हे, सीटच्या पायथ्याशी, म्हणजे आईच्या चरणी. आतून घों घों असा बारीक आवाज यायचा. महाराज म्हणायचे, आई घुमते आहे. लोक अजून एक मूठ उधळायचे.

इथवर सगळा तमाशाच होता. मीही हसले आणि घरी गेले.

महाराजांची एक भक्तमंडळी डोंगरावरच्या करवंदवाडीत होती. वीटभट्टीवर, बांधकामावर मजुरी करणारी माणसं. वाडीला रस्ता नाही. मातीची वाट खाली ओढ्यात उतरते, पलीकडे एक उभी खिंड चढते आणि मग उतरत पायथ्याच्या डांबरी रस्त्याला लागते. रस्त्यासाठी वाडीने धरणं धरायचं ठरवलं होतं. मौनरथ खिंड चढून वाडीत पोचला आणि महाराज म्हणाले, "रथ येत असताना रस्ता कशाला मागता? मागणं म्हणजे संशय." वाडीने धरणं मागे घेतलं. महाराजांचा चमत्कार कुणाच्या सोयीचा होता, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या आठवीच्या वर्गातली दिपा या वाडीतली. एके दिवशी ती शाळेत यायची बंद झाली. काही दिवसांनी आली तेव्हा दाराजवळ वेगळी बसली. पाण्याच्या माठाला हात लावेना. मी जवळ गेले तर अंग चोरून म्हणाली, "बाई, मला शिवू नका."

"का ग?"

"माझ्यामुलं आई मेली."

तिला बोलतं करायला वेळ लागला. तिची आई साळू सरपणाला गेली असताना तिला घोणस चावली होती. वाडीतली माणसं अशा वेळी चादरीची झोळी बांबूला बांधतात आणि चौघंजण पळत सुटतात. खिंडीच्या चढावर खांदे बदलतात, थांबत नाहीत. पायथ्याला अॅम्ब्युलन्स येते. कित्येक बाळंतिणी अशाच उतरल्या आहेत. त्या दिवशीही झोळी बांधून झाली होती. नेमके महाराज पूजेला वाडीत आले होते. सकाळपासून भक्तांना घेऊन रथाच्या भर उन्हात फेऱ्या चालू होत्या.

"महाराज म्हनले, झोली सोडा. आई दारात उभी असताना खांद्यावर नेता?" दिपा सांगत होती. "मंग आईला गाडीत घातली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाबा होता. ओढा वलांडला. खिंड चढताना मागनं घों घों लई वाढलं. मंग गाडीची ताकदच गेली. चाकं फिरनात."

"मग?"

"महाराज म्हनले, कोन तरी इटाळाचं बसलंय. खरं बोला. मी खरं बोलले." ती खाली बघत होती. "मला पाली आली होती, बाई."

महाराजांनी सगळ्यांना उतरवलं, गाडीभोवती गोमूत्र शिंपडलं, आरती म्हणायला लावली. साळू खिंडीतल्या उन्हात पडून होती. गाडी हलेना तेव्हा वाडीतली माणसं धावत आली आणि हातांवर उचलून तिला खाली नेलं. पायथ्याला अॅम्ब्युलन्स होती, इंजेक्शन होतं. साळूच्या अंगात जीव उरला नव्हता.

गाडी मात्र संध्याकाळी गार झाल्यावर आपोआप सुरू झाली. महाराजांना आणखी काय हवं? पोरगी दूर झाली, रथ चालू लागला. आता त्यांच्या मठात शुद्धी ठेवली होती. दिपाने रथासमोर बसून सगळ्यांदेखत म्हणायचं, की माझ्या विटाळाने रथ थांबला आणि माझी आई गेली.

मी पोलिसांत तक्रार दिली. पण कायदा त्या माणसाला धरील तेव्हा धरील, या मुलीने ते वाक्य एकदा तोंडाने म्हटलं असतं तर आयुष्यभर ते तिच्या मानेवर बसलं असतं. शुद्धीच्या दिवशी मी मठात गेले.

दिपा ओल्या कपड्यांत बसली होती. मागे तिचा बाप पांडू, बायको गेल्यापासून जवळजवळ मुका झालेला. महाराज म्हणाले, "बोल बाळ. कन्फेस कर."

"ती बोलणार नाही," मी म्हणाले. "आधी गाडी बोलू दे."

"मॅडम, हा अध्यात्माचा विषय आहे."

"असू द्या. या गाडीचं माहितीपुस्तक मी वाचलंय, मागच्या सीटच्या पायथ्याशी एक जाळी आहे. त्या जाळीतून बॅटरीला गार हवा जाते. ती दिपाने उघडायची. जाळी स्वच्छ निघाली तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवीन आणि जन्मभर हळद वाहीन."

"विटाळाच्या पोरीचा हात आईच्या चरणांना? रथ भस्म होईल."

मग पांडू उठला. त्याने गाडीचं दार उघडलं, मूर्ती उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "दिपे, ये. बाई सांगतात तसं कर."

दिपाने जाळीचं झाकण ओढलं. आतून ओंजळभर पिवळा लगदा तिच्या पायावर पडला. हळद, तांदूळ, केस, धूळ, सगळं घट्ट थापलेलं. हवेला मुंगीएवढीही वाट नव्हती. आतला पंखा त्या लगद्यातून हवा ओढायला धडपडायचा, तीच आई घुमत होती. भर उन्हात फेऱ्या करून, चढावर भार ओढून बॅटरी तापली आणि गाडीने जळून जाऊ नये म्हणून इंजिनासकट स्वतःची ताकद आवरली. गार झाल्यावर पुन्हा चालली. हे मी लोकांना सांगितलं.

"पण तशी सूचना यायला हवी ना?" गर्दीतून शशिकलाबाई म्हणाल्या. त्या महाराजांच्या जुन्या भक्त.

मी ड्रायव्हरकडे, हरेशकडे बघितलं. तो मान खाली घालून पुढे झाला आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावर चिकटवलेलं देवीचं चित्र त्याने नखाने सोलून काढलं. गाडी सुरू केली. खाली पिवळी अक्षरं लागली होती. बॅटरीची हवेची वाट साफ करा, असं इंग्रजीत लिहिलेलं.

"मी सांगितलेला महाराजांना," हरेश म्हणाला. "एकदा नाय, किती वेळा. ते बोलले, फोटो लाव त्याच्यावर."

महाराज पहिल्यांदाच नावाला जागले. मग सावरून म्हणाले, "आईनेच ही लीला केली," आणि मागच्या दाराने निघून गेले. चार-पाच जण त्यांच्या मागे गेलेही. मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला.

दिपा हात बघत उभी होती. कोपरापर्यंत पिवळे झालेले.

"बाई, मंग माझ्यामुलं नाय?"

"नाही. तुझ्यामुळे मुळीच नाही."

मला वाटलं ती रडेल. ती वळली आणि बापाकडे बघून म्हणाली, "मंग झोली का सोडली?"

पांडूने तोंड झाकून घेतलं. वाडीतल्या एकाही माणसाला मान वर करता आली नाही. मलाही नाही, कारण त्या मैदानातून मी नुसती हसून घरी आले होते.

वाचकहो, ती गाडी चांगली होती. दगडधोंड्यांत चढणारी, संकट आधी सांगणारी. तिने सांगितलं आणि माणसाने त्यावर देवीचं चित्र चिकटवलं. देव मानायचा तर माना. पण यंत्र बिघडलं तर झाकण उघडून बघा, साप चावला तर मिळेल त्या वाटेने दवाखान्यात धावा, आणि रस्ता हवा असेल तर तो सरकारकडे भांडून मागा. कुणी तुमच्या मुलीच्या पाळीकडे बोट दाखवलं तर आधी त्या माणसाला विचारा, तू काय लपवतो आहेस? हे विचारायला फार शिकलेलं असावं लागत नाही. साळू असताना एकानेही ते विचारलं नाही, आणि दिपाला आईशिवाय मोठं व्हायचं आहे.