उघडा टाकलेला दरवाजा

मी पूर्णेकाठच्या एका घराचा दरवाजा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकण्यातच माझा जन्म गेला. स्वतः बोलायची सवय नाही. पण दोन पूर मी अंगावर घेतले आहेत, तेवढं सांगावंसं वाटतं.

माझं लाकूड सातपुड्याच्या सागाचं. संग्रामपूरच्या सुताराने मला घडवलं आणि कडूबांनी आपल्या मातीच्या घराला बसवलं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरात होतं काय? ज्वारीची एक कणगी, चार मडकी, दोन घोंगड्या. सगळ्यांत महागाची वस्तू बहुधा मीच होतो, आणि मला त्याचा तोराही होता. कडूबांचा मुलगा शेषराव. त्याची नवरी सुभद्राबाई याच घरात आली. माप ओलांडताना तिने माझ्या चौकटीचा आधार घेतला होता.

पहिला पूर भादव्यात आला. सांगायला कोणी आलं नाही. सकाळी पाणी घाटाशी होतं, दुपारी गल्लीत. शेषराव आणि सुभद्राबाई टेकाडाकडे निघाले. कडूबा मात्र हलेनात.

"ज्वारी इथं अन् मी तिथं, कसं जमन? तुम्ही व्हा पुढं," म्हणाले, आणि त्यांनी मला आतून लावून घेतलं.

पाणी आधी माझ्या फटींतून शिरलं, मग भिंती खचून छप्पर माझ्यावर टेकलं. पूर ओसरल्यावर लोकांनी खांदे लावून मला ढकललं. कडूबा कणगीला मिठी मारून होते. ज्वारी भिजून फुगली होती. गावात अशी कितीतरी घरं होती. वाहून जाण्यासारखं कोणाकडे फारसं नव्हतंच. गेली ती माणसं.

पुढे गावकऱ्यांनी नदीच्या वरच्या अंगाच्या गावाशी बोलून ठेवलं, पूर्णा फुगली की घोड्यावर माणूस पाठवायचा. शेषरावांनी त्याच जागी पुन्हा घर उभारलं आणि मलाच बसवलं. हळूहळू कापसाने दिवस पालटले. छपराला टिनं आली, पितळी भांडी आली, कपडे शिवायचं मशीन आलं. पोरं झाली. ती मला लटकून झोके घ्यायची आणि सुभद्राबाई ओरडायची.

मग एका वर्षी कापसाचा भाव पडला. चढेल चढेल म्हणून शेषरावांनी माल विकलाच नाही. श्रावण आला तरी अर्धं घर कापसाने भरलेलं. अशात एका सकाळी वरच्या गावचे रंगराव घोडा दामटत आले.

"चढून राह्यलं पाणी! निघा!"

गाव भराभर निघालं. शेषराव कापसापाशी उभे राहिले. "तू लेकरं घेऊन जाय. मी मागून येतो."

"मामाजी बी असेच म्हनत होते," सुभद्राबाई म्हणाली.

"अवं, सालभराची मेहनत हाय ही!"

"कापूस तं पुढच्या साली बी पिकते. तुम्हाले कोन्या वावरात पेरू मी?"

शेषरावांनी लहान्याला खांद्यावर घेतलं, बाहेर पडले. सवयीने त्यांचा हात माझ्या कडीकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पान्याले कडी कळते का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी उघडा टाकून गेलं. मला अपमान वाटला, खोटं कशाला सांगू? थोड्याच वेळात पाणी आलं. पांढराशुभ्र कापूस माझ्यातूनच बाहेर पडला आणि मातकट होऊन गेला. भांडी गेली, मशीन गेलं, शेवटी बिजागरी तुटून मीही गेलो.

खालच्या एका गावाच्या बाभळींत मी अडकलो. तिथल्या बाया माझ्यावर मिरच्या वाळवू लागल्या. एकदा शेषराव आपली भांडी शोधत आले, त्यांनी मला ओळखलं आणि बैलबंडीत घालून आणलं. वाटेत बंडीवाल्याला सांगत होते ते मी ऐकलं. नुकसान पहिल्या पुराच्या कितीतरी पट होतं. चौकशीला आलेल्या कारकुनाने मेलेल्यांची नावं विचारली, तेव्हा मात्र गावकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. सांगायला एकही नाव नव्हतं.

टेकाडावरच्या झोपडीशी पोचल्यावर शेषराव माझ्याशेजारी बसून कापसासाठी रडले. सुभद्राबाईने भाकर पुढे ठेवली.

"रडून घ्या. रडायले तुम्ही हाय, तेवढंच पाह्यजे होतं मले."

आता आमचं घर टेकाडावर आहे. माझी एक बिजागरी नवी, एक जुनी. म्हणून मी थोडा कलतो आणि नीट लागत नाही. कोंबड्या आत येतात. सुभद्राबाई त्यांना हाकलते आणि दुरुस्तीचं उद्यावर टाकते. मी मजेत आहे.

तुमचं घर भरलेलं राहो. पण पाणी आलं, तर माझ्यासारख्याला लावत बसू नका. उघडा टाका आणि निघा. आम्ही राग धरत नाही.