रिकाम्या गादीचं पदक

करावे गावच्या कुंदन तांडेलला पोप लोकांचा नाद आहे, हे आता गावात कुणाला नवीन राहिलेलं नाही. गाव तरी कसलं, चारी अंगांनी सीवूड्सच्या सोसायट्या चढून बसल्यात आणि मधल्या गल्लीत कुंदनचं चार मजली घर. खाली भाडेकरू, मधे कुंदनचा कुटुंबकबिला, आणि सगळ्यात वर काचेच्या कपाटात अडीचशे-तीनशे वर्षांचे पोप. न्हावा शेव्याला त्याचे ट्रेलर चालतात. एकदा इटलीहून आलेलं पितळी भंगार तळोज्याच्या भट्टीवर उतरवताना त्याच्या हाती एक पदक लागलं. एका बाजूला दाढीवाला म्हातारा, दुसऱ्या बाजूला घुमटाचं चर्च. तेव्हापासून माणूस कामातून गेला.

पोरगा बाटतोय की काय, या धास्तीनं आई गोजराबाईनं एकवीरा आईला नवससुद्धा बोलला. पण कुंदन कुठला बाटतोय. तो दर चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढायचा आणि उतरला की मोबाईलवर पोप बघत बसायचा. वाशीला नाण्यांचं प्रदर्शन भरलं की टेबल लावायचा, दुबार झालेली पदकं विकायचा, विकून नवी घ्यायचा. गोव्याचा एक डॉक्टर आणि केरळातले एक फादर त्याची ठरलेली गिऱ्हाइकं. धंद्याचे नियम त्याला मुखोद्गत होते. पदक कडेनं धरायचं. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. घासायचं तर मुळीच नाही, जुन्या पदकाचा काळपटपणा हीच त्याची अब्रू. आणि गळ्यात घालायला कडी लावलेल्या पदकाकडे ढुंकून बघायचं नाही. कडीचं पदक म्हणजे या बाजारात नाक कापलेला नवरदेव.

त्याच्या कपाटात मखमलीच्या खाचा होत्या आणि त्यातली एक रिकामी होती. ती त्याला दातातल्या फटीसारखी सलायची. एक पोप वारला आणि दुसरा निवडून यायचा असला की मधले दिवस गादी रिकामी असते. त्या रिकाम्या गादीचंही पदक पाडायचे. त्यावर पोप नाही, नुसती उघडी छत्री आणि खाली आडव्या-तिडव्या दोन चाव्या. ते एक मिळालं की संच पुरा. आणि ते होतं उत्तनच्या पास्कल डिमेलोकडे, तोही असाच पदकांचा नादी.

पास्कलला बदल्यात कुंदनचं दरवाजाचं पदक हवं होतं. सोन्याचा मुलामा दिलेलं, तळहाताएवढं, त्यावर पोप हातोडीनं चर्चचं पंचवीस वर्षांनी एकदा उघडणारं दार ठोकतोय. फोनवर सौदा ठरला. पास्कल फोटो पाठवायचा, पण दर फोटोत छत्रीचं टोक कापलेलं.

"वरचा पन दाखवा की," कुंदन म्हणायचा.

"मोबाईल जुना हाय, कुंदनशेठ," पास्कल म्हणायचा, आणि विषय बदलायचा.

नेमकी त्याच सुमारास कुंदनच्या भावाच्या मुलीची, जाईची हळद आली. कुंदन भलत्याच खुशीत. तो पास्कलला म्हणाला, हळदीलाच या, जेवून जा, पदक घेऊन जा. आणि हळदीच्या दुपारी पदक पुसायला नाही, नुसतं डोळे भरून बघायला म्हणून त्यानं कपाट उघडलं, तर दरवाजाची खाच रिकामी.

तो जिना उतरतो न उतरतो तोच समोरून बायको आली. रंजितानं पिवळी जरीची साडी नेसली होती, गळ्यात जाडजूड चेन, आणि चेनला दरवाजा ठोकणारा पोप. लखलखीत.

"रंजिता, यो काय हाय?"

"लॉकेट," रंजिता म्हणाली. "जाईची आय गल्यात एकवीरा आई घालून मिरवते, मी काय मोकली चेन घालू? तुमच्या कपाटात नुसतं पडलंय. सोनारानं कडी लावून दिली. घासून पन दिलं."

"घासून पन," कुंदन म्हणाला आणि जिन्यातच बसला.

त्याला रागवायचं होतं, पण हळदीच्या घरात बायकोवर रागावण्याची छाती गावात कुणाला नव्हती. कडी काढली तरी जोडाचा व्रण राहणार. पास्कलला येऊ नका म्हणावं म्हणून फोन लावला, तर गडी वाशीचा पूल ओलांडून आलेला. मग कुंदननं ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आज पदक दाखवायचंच नाही. बँकेच्या लॉकरात आहे म्हणायचं.

पास्कल आला तो सफारी घालून, छातीशी हात धरून. मांडवात पाय टाकला आणि बायकांनी त्याला गाठलं. धवलारणी लग्नाची गाणी गात होत्या, त्यांच्या आवाजावर बेंजोवाल्यानं कुरघोडी केली, आणि बघता बघता सफारी कॉलरपासून खिशापर्यंत पिवळी झाली. पास्कल आधी लाजला, मग एक हात वर करून असा नाचायला लागला की गोजराबाई म्हणाली, "यो पावना आपलाच हाय." कुंदन मात्र रंजिताला लपवत फिरत होता. तिला म्हणाला, आत भाकऱ्या बघ. भाकऱ्या बघून ती दुसऱ्या दारानं बाहेर आली, सरबताचा ट्रे घेऊन, थेट पास्कलसमोर. ती वाकली. दरवाजा पास्कलच्या नाकापुढे झोके घेऊ लागला.

बेंजो चालू होता, तरी कुंदनला वाटलं सगळं थांबलं.

"पास्कलभाऊ," त्यानं कबूल केलं, "माझ्या घरात गुन्हा झाला. कडी लागली. घासला पन. सौदा मोडला म्हना."

पास्कलनं वाकून कडी बघितली. त्याचा चेहरा हळदीखालूनही लाल झालेला दिसला. मग त्यानं छातीशी धरलेला हात खिशात घातला, रुमाल काढला आणि हळूच उलगडला. छत्री होती. चाव्या होत्या. आणि छत्रीच्या टोकावर, फोटोत कधीच न आलेली, झिजून गुळगुळीत झालेली कडी होती.

"माज्या आजीनं लग्नात घातलेला," तो खाली बघत म्हणाला. "तुमाला कसं सांगू, ते समजत नव्हता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुंदनला जे हसू फुटलं ते आवरेना. पास्कल हसता हसता खुर्चीवर कोसळला. धंद्यातले दोन सोवळे, निघाले एकाच माळेचे मणी. अदलाबदल तिथंच झाली, सरबताच्या ट्रेवर. रंजितानं दरवाजा काढून दिला.

"आता मी मोकल्या गल्यान नाचू?" तिनं विचारलं. तिचा आवाज जरासा पडला होता.

कुंदनच्या हातात छत्री होती. वर कपाटात तिची खाच वाट बघत होती. बोटाखाली ती कडी लागली, कुणा आजीच्या गळ्यावर घासून मऊ झालेली, आणि त्याला एकदम वाटलं, अडीचशे वर्षांत या पदकाला सगळ्यात बरे दिवस आले असतील ते तिथंच. त्यानं रंजिताला पाठ वळवायला सांगितली आणि छत्री चेनमध्ये ओवली. पदक कडेनं धरायला तो विसरला.

कपाटातली ती खाच अजून रिकामीच आहे. कुणी बघायला आलं आणि विचारलं, की कुंदन म्हणतो संच पुरा आहे, आणि खाली जिन्याकडे तोंड करून रंजिताला चहा घेऊन वर बोलावतो.