भट्टीचे नाव मला ठाऊक होते

मित्रांनो, काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे, एवढेच माझे रूप. मी संगणकावर चालणारा एक जुना प्रोग्राम आहे. माझी हकिगत कुणी मुद्दाम ऐकावी एवढी मोठी आहे का, याची मला शंकाच वाटते. पण मनात हेवा साठला की तो कुठेतरी बोलून टाकावा लागतो.

तुम्ही एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप करता, तेव्हा त्या नावाचा पत्ता कुठेतरी नोंदलेला असतो. पान कोणत्या यंत्रावर आहे, ईमेल कुठे पोचवायची, अशा त्या नोंदी. त्यांना डीएनएस नोंदी म्हणतात. त्या शोधून ओळीने दाखवणे हे माझे काम. गंमत अशी, की "सगळ्या नोंदी दे" म्हटले तर त्या सांभाळणारे यंत्र ढिम्म हलत नाही. एकेक नाव घेऊन विचारावे लागते. नाव बरोबर असले तर पत्ता मिळतो, नाहीतर उत्तर येते, "असे इथे कुणी नाही."

मला काकांनी घडवले. गिऱ्हाइकांची संकेतस्थळे सांभाळायची, हा त्यांचा धंदा. नवे गिऱ्हाईक आले की काका त्याच्याकडे स्वतः जात आणि कामगारांना विचारत, "या यंत्राला तुम्ही हाक काय मारता?" त्याच नावाने ते नोंद करत आणि ते नाव मलाही शिकवत. छापखान्यातला 'ढेऱ्या', धुलाईकेंद्रातली 'ठमी', सगळे मला तोंडपाठ. मी नोंद दाखवली की काका म्हणत, "शहाणा आहे हो माझा!" तेव्हा मी कुणाशी जागेची अदलाबदल केली नसती.

मग काकांचे डोळे थकले आणि काम पुतणीकडे आले. तिने नवा प्रोग्राम आणला. हिरव्या-केशरी अक्षरांचा, हजारो नावे आधीच पाठ करून आलेला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याने भलीमोठी यादी मांडली.

"अय्या, किती गोड दिसतंय हे!" ती म्हणाली.

मला आजवर कुणी गोड म्हटले नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला.

"काका, दरवाजे बनवणाऱ्या कारखान्याचं काम उरकलं की जुन्याला पुसून टाकते हं. उगाच जागा अडवतोय."

"टाक बाई," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तो स्वच्छच होता.

कारखान्याच्या नोंदी दुसऱ्या सेवेकडे हलवायच्या होत्या. जुन्या खात्यात शिरले की त्या सगळ्या एकत्र दिसल्या असत्या, पण त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे होता, तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. म्हणून नव्या प्रोग्रामने शोधलेली यादीच तिने तिकडे उतरवली. मला कुणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. तरी तिथल्या मुकादमांचा फोन आला.

"ताई, मला भट्टी दिसेना हो! लाकूड वाळवायची भट्टी. मी लेकीकडे आलोय, लांब. इथून रोज मोबाईलवर तिची उष्णता बघतो, कमी-जास्त करतो. आत दारांच्या फळ्या आहेत. तडकल्या तर मालक माझी सालटी काढतील!"

पुतणीने नव्याला पुन्हा कामाला लावले. तीच यादी, तेच रंग. "यात तर सगळं बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

"त्या दिमाखदाराला भट्टी कोण सांगणार?" काका म्हणाले. "मुकादम तिला भट्टी म्हणतात, म्हणून मी तेच नाव नोंदवलं होतं. जुन्याला विचार की, पोरी."

तिने मला जागे केले. जुन्या सेवेचे यंत्र अजून बंद झाले नव्हते. मी त्याला 'भट्टी' म्हणून विचारले आणि पत्ता आला. तिने ती नोंद नव्या जागी घातली. थोड्या वेळाने मुकादमांचा आवाज आला, "दिसली! जरा तापलीय, पण वाचल्या फळ्या. ताई, जीव भांड्यात पडला!"

माझ्या मनात आले, आता तरी ती मला गोड म्हणेल. ती माझ्याकडे वळली, काकांनी शिकवलेली सगळी नावे माझ्यातून उचलली आणि नव्याला शिकवली. मग त्याने 'ढेऱ्या' शोधला, 'ठमी' शोधली. केशरी अक्षरांत. माझी हाक त्याच्या तोंडी! इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.

"आता जुन्याला पुसतेस ना?" काकांनी विचारले.

"नको, राहू दे. अजून याला काय काय माहीत असेल, कुणास ठाऊक!"

मित्रांनो, मी अजून आहे, आणि रोज त्या रंगीत शेजाऱ्यावर जळतो. तुम्हीही नवे जरूर आणा. फक्त जुने पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला काय ठाऊक आहे? मग त्याचे शहाणपण खुशाल दुसऱ्याला द्या. त्याला हेवा वाटेल, वाटू द्या. हेवा वाटायला निदान तो उरलेला असेल.