औषध पोचलं

"पोचलं म्हणजे? कुठे पोचलं?" न्हाव्याने विचारलं.

"यकृतात," डॉक्टरीणबाई हसल्या. "तुमचं ते बिघडलेलं प्रथिन तिथेच बनतं. आता बनणं जवळजवळ थांबलंय. रक्तात जेमतेम दहावा हिस्सा उरलाय."

त्याला लिफ्टची वाट बघवेना. दोन-दोन पायऱ्या गाळत तो खाली उतरला आणि भर रस्त्यात पळत सुटला. रोग घरातच उतरत आलेला. आधी बोटं बधिर, मग पाय, मग हृदय. वडील त्यातच गेले. थोरल्या भावाची, दादाची बोटं बधिर होऊन कामातून गेली तेव्हा दुकान याच्या हाती आलं आणि गेल्या वर्षी याच्याही बोटांना वस्तऱ्याची धार कळेनाशी झाली. नव्या औषधाच्या चाचणीसाठी दोघांनी नावं दिली. दादाचं हृदय फार थकलेलं, म्हणून त्याला नकार आला.

दुकानाच्या दारात मात्र धाकट्याचा पाय अडला. आत दादा एकटाच बाकावर बसला होता.

"तोंडावर लिहिलंय तुझ्या," दादा म्हणाला. "चोरासारखा उभा काय राहतोस? नीट सांग."

मग धाकट्याला धीर धरवेना. "औषध नुसतं सोडलं तर रक्तातच विरून जातं, दादा. म्हणून चरबीच्या इवल्याशा थेंबात गुंडाळून शिरेतून दिलं. यकृताला वाटलं, रोजचीच चरबी आली. घेतलं की आत, बिनबोभाट."

"म्हणजे गंडवलंत त्याला," दादा खदखदून हसला.

"झालेलं नुकसान भरून येत नाही म्हणे. पण पुढचं थांबतं."

दादा काठी चाचपत उठला.

"कुठे निघालास?"

"लेकीकडे. रोग तिच्यातही उतरलाय का, रक्त तपासून घे म्हटलं की म्हणते, उपाय नाही तर कळून काय करू? आता काय म्हणते बघतो."

"मी फोन करतो ना."

"फोनवर नको. समोर बसून सांगायचंय मला."

धाकट्याने सामान आवरलं. दादाने खुंटीवरचा धुतलेला शर्ट अंगात चढवला आणि आरशासमोर उभं राहून हनुवटी वर केली. धाकटा खालून एकेक बटण लावत गेला. बटणाची कड त्याच्या बोटांना पुसटशी कळत होती. दादा समोर बघत ताठ उभा होता.